गोजराची बैठक

किती पिढ्या उलटल्या, ते आता कोणालाच सांगता येत नाही. त्या दिवशी मात्र सुगी नुकतीच आटोपली होती, आणि खैरवेढ्याची गोजरा बुरुडीण ओढ्यात अंबाडी धूत होती. वाळली की तिचा दोर वळायचा होता. तिचा नवरा बहिरू हा देशमुखांच्या गढीवर परांची बांधायचा. परांची म्हणजे बांबूंची ती उंच मांडणी, जिच्यावर उभं राहून गवंडी भिंत चढवतात. सगळी मांडणी दोरांवर तरलेली असते.

काठावर दादू गवंडी येऊन उभा राहिला. मुंडासं त्यानं काढून हातात धरलं होतं.

"दादूभावजी, कोण पडलं?" गोजरानं विचारलं.

दादू गढीच्या वाटेकडे वळला. तेव्हा तिनं हातातली अंबाडी पिळली, दगडावर पसरली आणि ती त्याच्यामागून चालू लागली.

तुटलेला दोर जुना होता. बहिरूनं नवा मागितला होता, आणि दौलतराव देशमुख म्हणाले होते, "यंदा यावरच भागव." दौलतराव काही दुष्ट नव्हते. त्यांना घाई होती. लेकीचं लग्न ठरत होतं आणि त्याआधी गढीचा बुरूज उभा राहायला हवा होता.

बहिरूचं तेरावं झालं आणि गोजराला सदरेवर बोलावणं आलं. परांची बांधणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. दौलतरावांनी तिला ओढ्याकाठची जमीन देऊ केली.

"जमीन नको, सरकार," ती म्हणाली. "बांधते मी परांची. पण माणसं वर असतील तोवर आपण खाली बसायचं. बरोबर परांचीखाली."

सदरेवर हशा पिकला. दौलतरावही हसले. "मी बसून काय करू? मला थापी धरता येत नाही."

"काही करायचं नाही. बसायचं. सावली असते तिथं."

दादूनं आपली थापी दारात ठेवली. बाकीच्या गवंड्यांनीही ठेवल्या. "सरकार बसले तर आम्ही चढू," दादू म्हणाला. "नाहीतर घरी चुलीपाशी बसायला आम्हालाही आवडतं."

दुसऱ्या दिवशी जुन्याच परांचीखाली बाज पडली आणि दौलतराव तिच्यावर बसले. वर बांबू करकरला की ते मान वर करीत.

"वर बघू नका सरकार, डोळ्यांत चुना जाईल," दादू वरून सांगे.

दुपारपर्यंत दौलतरावांनी उठून एकेक दोर स्वतःच्या हातानं ओढून पाहिला. संध्याकाळी नवे दोर आले. ते गढीच्याच कोठारात पडून होते.

गोजरानं परांची नव्यानं बांधली. तिनं मारलेली गाठ पाण्यानं फुगत नसे आणि उन्हानं सैल होत नसे, असं म्हणतात. बुरूज चढत गेला. कोणाचा पाय घसरला नाही.

मग एके दिवशी व्याही आले. दौलतराव सदरेवर अडकले आणि त्यांनी बाजेवर आपली पगडी पाठवून दिली. त्या काळी माणूस हजर नसला तर त्याची पगडी चाले. तिच्यापुढे मुजरे होत, निवाडेही होत.

"पगडी नको," गोजरा म्हणाली. "तिच्यावर बांबू पडला तर तिला काय होणार आहे?"

"सरकारच्या पगडीला नावं ठेवतेस?" कारभारी म्हणाला. गवंडी एकमेकांकडे बघत चढले. पगडीचा अपमान कोण करणार?

दुपारी माळावरून वावटळ उठली. धुळीनं सूर्य झाकला, आणि परांची बुरुजापासून सुटून बाहेर झुकली. गोजरानं मुख्य दोर कमरेला वेढून घेतला आणि टाचा रोवल्या. ती गुडघ्यापर्यंत जमिनीत गेली होती, असं म्हणतात.

"जागचे हलू नका," ती ओरडली. कोणी ऐकेना. सगळे शिडीच्या बाजूला धावू लागले, आणि त्या भारानं परांची आणखी झुकली. त्यांनी खाली पाहिलं तर बाजेवर नुसती पगडी होती. मालक बसायला आला नाही, म्हणजे परांची जाणार हे त्याला ठाऊक असणार, असं त्यांनी धरून घेतलं.

दौलतरावांनी हे सदरेवरून पाहिलं. ते व्याह्यांना सोडून धावत सुटले. व्याह्यांसाठी बांधलेलं जरीचं पागोटं वावटळीनं नेलं, ते उचलायलाही ते थांबले नाहीत. बोडक्यानं आले, बाजेवरची पगडी हातानं बाजूला सारली आणि बसले. सगळी परांची त्यांच्या डोक्यावर कलली होती.

"दादू," त्यांनी हाक मारली, "मी बसलोय. एकेकजण उतरा."

वरची धावपळ थांबली. माणसं एकेक करून उतरली. शेवटचा माणूस जमिनीला लागेपर्यंत सूर्य जागचा हलला नाही, असं म्हणतात.

"आता उठा, सरकार," गोजरा म्हणाली. ते उठून बाजूला झाले, तेव्हा तिनं दोर सोडला. परांची कोसळली आणि बाजेचा चुरा झाला.

दोर तिच्या तळव्यांत हाडापर्यंत गेला होता. पुढे तिला गाठ मारता आली नाही. ती किती वर्षं जगली, यावर गावात एकमत नाही. उंचावर काम करताना तोल गेला तर कमरेला मागून ओढ बसते, आणि वळून पाहावं तर तिथं कोणी नसतं, असं गवंडी सांगतात.

खैरवेढ्यात अजूनही कोणाचं बांधकाम चढू लागलं की पहिल्या दिवशी मालक बोडक्यानं परांचीखाली बसतो. या बसण्याला गोजराची बैठक म्हणतात. पाण्याच्या टाकीचं काम निघालं, तेव्हा शहरातला ठेकेदार पिवळी टोपी घालून बसला.

"टोपी काढा," म्हाताऱ्या म्हणाल्या.

"आजी, ही सुरक्षेची टोपी आहे. नियम आहे तसा."

"मग वरच्यांना द्या की."

वर सगळे बोडके होते. त्या दिवशी काम दुपारनंतर सुरू झालं, टोप्या आल्यावर.

गोजराच्या नावानं अजून एवढं सगळं घडतं. बहिरू नेमका कुठे पडला, ते मात्र कोणी विचारून ठेवलं नाही.