चिंचेने घासलेली कट्यार

जुनी हत्यारं माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. हुसेनभाई तांबोळींच्या दुकानात एक कट्यार आणि एक संगीन राहत. एक दिवस कळलं, की जुनी लष्करी हत्यारं जमवणाऱ्या दमयंतीबाई घोरपडे येणार आहेत आणि त्या नेणार नाहीत ते भंगारात जाणार आहे.

कट्यार घाबरली. चिंच आणि राख लावून तिने अंग इतकं घासलं, की पात्यावरची जुनी काळी झाक गेली आणि फौजेचा शिक्काही पुसला गेला.

"तूही घास गं!" ती म्हणाली.

"मला गुदगुल्या होतात," म्हणत संगीन तशीच गंजकी पडून राहिली.

दमयंतीबाईंनी भिंग लावून संगिनीवरचा शिक्का वाचला आणि त्या हरखल्या. "हुसेनभाई, ही अस्सल आहे! पण ही चकचकीत नवी कुठून आणलीत?"

"नवी? बाई, मी तीन लढाया पाहिल्यात!" कट्यार ओरडली.

"मग खूण दाखव."

कट्यारीने स्वतःला उलटसुलट करून पाहिलं. खूण कुठेच नव्हती.

बाई संगीन घेऊन गेल्या. कट्यार रडू लागली, तेव्हा हुसेनभाईंना दया आली आणि त्यांनी तिला घरी नेलं. आता ती कलिंगडं कापते. कापण्याआधी प्रत्येक कलिंगडाला आपल्या तिन्ही लढाया सांगते, आणि कलिंगडं एकही खूण न मागता विश्वास ठेवतात.