ठकूबाईचे बारा अंजन

माणदेशातील खडकतळे या गावी अंबुनाथ महाराजांचा बारा वर्षे मुक्काम होता. पाऊस जेमतेम, माळावर सावली म्हणून नाही. महाराज येईल त्याला सांगत, "पिकाबरोबर झाडही वाढवा. पीक एका सालाचे, झाड पिढ्यांचे."

ऐकले ते एकट्या ठकूबाईने. मागेपुढे कोणी नसलेल्या त्या बाईने आपल्या कोरडवाहू रानात अंजनाची बारा रोपे लावली, डोक्यावरून घागरी वाहून जगवली. हैबतराव पाटील बांधावरून हसत. "ठकूबाई, बाजरी सोडून सावली खाणार का गं?"

"महाराजांची आज्ञा हाय," एवढेच ती म्हणे.

रोपे लावल्यापासून दहाव्या वर्षी, सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. कडबा संपला. गोठ्यांतून जनावरे बसू लागली. बसलेले पुन्हा उठेना. हिरवे उरले ते फक्त बारा अंजन. गावाने गुरे घेऊन तिच्या रानात गर्दी केली.

ठकूबाई महाराजांकडे धावली. "समद्यांना पाला दिला, तर माझी गाभण गाय मरंल की वो!"

महाराज म्हणाले, "मुक्या जिवाला नाही म्हणू नकोस. शेंड्याला हात लावू नको, बाकी दे."

तिने दिला. आठव्या दिवशी शेंडे सोडले तर झाडांचे सांगाडेच उरले. त्याच दुपारी हैबतराव आले. आवाज पार बसला होता.

"ठकूबाई, जोडीतला एक बैल गेला. दुसरा पडलाय. मूठभर पाला दे गं."

ती कोयता घेऊन झाडापाशी गेली. शेंडा तोडावा तर आज्ञा मोडते, न तोडावा तर बैल जातो! इतक्यात महाराज येऊन उभे राहिले.

"चढ, बाई."

"पण तोडू काय, महाराज?"

"आधी वर तर जा."

ती चढली. उघड्या फांदीला तिने धरले, तो तळव्याखाली काही ओलसर लागले. कोंब! पाहता पाहता तांबूस पालवी फुटली, फांदीमागून फांदी, बाराही झाडांवर. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता!

बैलाने पहिला घास घेतला. बऱ्याच वेळाने तो धडपडत पायांवर उभा राहिला. तिची गायही पोटभर चरली.

पागोटे काढून हैबतराव महाराजांच्या पायांशी आले. महाराज मागे सरले. "पाणी हिने वाहिले, पाटील."

पाटील ठकूबाईपुढे वाकले. ती बिचारी संकोचून गेली.

महाराज हसले. "वाकलातच आहात, तर रोपासाठी एक खड्डाही खणा."

पाटलांनी कुदळ मागवली.