दार आणि चौकट

सांगलीच्या नेमिनाथ आरवाड्यांचा हार्डवेअरचा घाऊक धंदा होता. धंदा कसा चाललाय, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "उत्तम! गिऱ्हाईक येत नाही, त्यामुळे दुपारची झोप मोडत नाही."

एकदा कुलुपांच्या एका कारखान्याने आपल्या सगळ्या घाऊक व्यापाऱ्यांना जेवायला बोलावलं. पानं वाढण्याआधी कारखान्याचे नवे सल्लागार रणदिवे उभे राहिले.

"तुमचा काळ संपला," त्यांनी सुनावलं. "आता दुकानदार मोबाईलवरून थेट कारखान्याकडे माल मागवतील. मध्ये तुम्ही करता तरी काय? नुसते अडकून बसलेले असता!"

शेजारी बसलेले कारखान्याचे मालक मान डोलावत होते. एजन्सी गेलीच, या धास्तीने साऱ्यांची भूक मेली. आरवाड्यांचीही मेली, पण ते उठले.

"साहेबांचं खरं आहे," ते म्हणाले. "दार आणि चौकट यांच्यामध्ये बिजागरी असते, तसे आम्ही. गंजतो, कुरकुरतो, वरचेवर तेल मागतो. काढूनच टाका आम्हाला. दार थेट चौकटीला ठोका. खर्च वाचेल, कुरकुर थांबेल. फक्त दार तेवढं उघडणार नाही."

मालकांना हसू आवरेना. ते रणदिव्यांना म्हणाले, "बसा आता. एजन्स्या आहेत तशाच राहू देत."

घरी येऊन आरवाड्यांनी हा पराक्रम बायकोला रंगवून सांगितला. पद्मावतीबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कुरकुरता, हे लग्न झाल्यापासून मी सांगतेय. चारचौघांत कबूल केलंत, बरं झालं."