राहीचा दोर

दुधाणीच्या घळीची फेरी लहानशीच. माथ्यावरच्या जांभळीपासून झाडीत उतरायचं, धबधब्यांच्या पायथ्याशी ओढा ओलांडायचा, समोरचा चढ चढायचा आणि वरच्या अंगाने फिरून पुन्हा जांभळीपाशी यायचं. पाहुण्यांना नेणारे बुधाजीबाबा निघतानाच बजावतात, "पलीकडून कुनी हाक मारली तर ओ देऊ नका." का, ते चालता चालता सांगतात.

फार पूर्वी जांभळीखालच्या कड्यावरच्या आग्या मोहोळांचा मध काढायचा मान राहीच्या नवऱ्याकडे, गोमाकडे होता म्हणे. मध काढणारा दोरावर लोंबकळतो आणि वर दोर धरतो तो त्याच्या बायकोचा भाऊ. आपल्याच बहिणीचं कुंकू कोण पुसेल? पण त्या वर्षी राहीचा भाऊ धाकू एकटाच परतला. दोर तुटला, गोमाला दोरासकट ओढ्याने नेलं म्हणाला आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडलाही. कड्याचा मान त्याच्याकडे गेला.

धाकूच्या बायकोला भाऊ नव्हता. पुढच्या हंगामात तो बहिणीच्याच दारात आला. "राही, दोर तू धर. परक्याच्या हाती जीव कसा देऊ?"

त्याच्या खांद्यावर दोर होता. झाडाच्या सालीचा, राहीने गेल्या वर्षी गोमासाठी उन्हाळाभर बसून वळलेला. आपल्या हाताचा पीळ तिने लगेच ओळखला. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, कुठे सांधा नाही. मेलेल्या मेहुण्याच्या कमरेचा दोर सोडून आणताना धाकूला वाटलं असेल, चांगला दोर वाया का घालवा? बायका वळतात ते दोर पुरुष कधी निरखून बघत नाहीत. राहीचं काळीज पेटलं, पण ती त्याच्यासोबत कड्याकडे निघाली.

दोराचा जांभळीला विळखा देऊन तिने भावाला खाली सोडलं. त्याच्या हातात धुराची चूड होती. निम्म्या कड्यावर तो पोचला तशी ती थांबली.

"दादा, दोर तुटला व्हता ना?"

"तुटला की."

"मग ह्यो कुठला?"

खाली धाकू रडू लागला. "कडा पायजे व्हता मला. चुकलो. वर घे, राही."

राहीने दोर जांभळीला पक्का बांधला. "भिऊ नको. तुटायचा नाय. मीच वळलाय."

आणि ती चालू लागली. चुडीत धूर असेतोच माशा लांब राहतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती घळीत उतरली, ओढा ओलांडून समोरचा चढ चढली. धाकूला ती झाडीतून दिसत होती. तो हाका मारत राहिला. तिने ना ओ दिली, ना पाऊल भरभर उचललं. पाण्याला निघालेल्या बाईसारखी सावकाश फेरी पुरी करून ती जांभळीपाशी आली, तोवर हाका थांबल्या होत्या.

तिला वाईट नाही वाटलं? पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच. "न्हाई," बाबा म्हणतात. "अन् का वाटावं?"

दुधाणीत आजही मध काढताना दोर मेहुणाच धरतो. फक्त त्याच्यावर नजर ठेवून पाठीमागे त्याची बहीण उभी असते, हातात कोयता घेऊन.