अळूला पाणी कोण घालतं?

घरातल्या वस्तू अजून माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. शेवंताकाकूंच्या फाटकाशी पाण्याचा मीटर बसला आणि मोरीतल्या नळाच्या मनात पाल चुकचुकली.

"हा चुगलखोर आहे," तो हंड्याला म्हणाला. "मी तोंड उघडलं रे उघडलं, की याचं लाल चाक फिरतं. आपल्यावर पाळत ठेवायलाच आणलाय."

"पाणी माझ्यातून जाताना चाक ढकलतं," मीटर म्हणाला. "किती गेलं ते मी सांगतो. कुठे गेलं ते मला दिसत नाही."

नळाला ते मुळीच पटलं नाही. एका दुपारी काकूंनी घरातले सगळे नळ घट्ट बंद केले आणि मीटरपाशी वाकून पाहिलं. चाक हळूहळू फिरतच होतं.

"सापडला खोटारडा!" नळ ओरडला. "आम्ही सगळे गप्प, आणि याचं आपलं चालूच!"

काकू मात्र विचार करत परसात गेल्या. वैशाखाच्या उन्हात जास्वंदीनं मान टाकली होती. मोरीच्या भिंतीमागचं अळू तेवढं सुपाएवढी पानं हलवत उभं होतं. मोरीचं सांडपाणी तर तिकडे जातही नव्हतं.

"तुला कोण पाणी घालतं?" काकूंनी विचारलं.

"जमिनीतला पाइप. दोन वर्षं झाली," अळू म्हणालं. "कुणी विचारलंच नाही."

काकूंनी कुदळ आणली. माती बाजूला झाली. फुटलेला पाइप थेट मोरीतल्या नळाच्याच पाठीला येऊन जोडलेला होता.