न वाजलेली घंटा

पूर्वी वेणुपट्टण नावाच्या नगरावर भद्रसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व त्याच राजाच्या पदरी अमात्य होते. नगराच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते आणि त्याला मातीचा लांबलचक बांध घातलेला होता. बांधाच्या पायथ्याशी रंगाऱ्यांची आळी होती. रंगाऱ्यांना पाणी हाताशी लागते, म्हणून ते तिथे राहत. बांध फुटला तर पहिले पाणी त्यांच्याच घरात शिरणार, हे लहान पोरालाही ठाऊक होते.

या नगरात बांधफेरीची चाल होती. पावसाळ्यात प्रत्येक घराने आपल्या पाळीच्या दिवशी एक माणूस बांधावर पाठवायचा आणि त्याने दुपार कलल्यावर अनवाणी बांध चालून यायचे. खेकड्यांनी माती आतून पोखरली असेल तिथे तळव्याला गार ओल लागते. तिथे नवी माती घालून धुमसाने ठोकायची, एवढेच काम. सराफाच्या घराला पाळी होती, तेल्याच्या घराला होती आणि राजवाड्यालाही होती. लोक कुरकुरत जात, पण जात.

पुढे अनुरथ नावाच्या यंत्रकाराने एक नवी घंटा केली. अनुरथ कल्पक होता आणि मनाचाही चांगला होता. त्याने तळ्यात एक पोकळ लाकडी भोपळा तरंगत ठेवला. पाणी धोक्याच्या खुणेपर्यंत चढले की भोपळ्याची दोरी सैल पडे, हातोडा सुटे आणि बांधावरच्या मनोऱ्यातली घंटा साऱ्या नगराला ऐकू जाई. सभेत हे ऐकून राजा हरखून गेला. त्याच सभेत कुणीतरी म्हणाले, आता फेरीची काय गरज?

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, पाणी किती चढलं ते ही घंटा सांगेल. माती आतून कशी आहे ते तिला कळायचं नाही."

अनुरथानेही मान डोलावली. "अमात्य म्हणतात ते खरं आहे. मी फक्त पाण्याची उंची धरली आहे."

राजा हसला, म्हणून सभाही हसली. बोधिसत्त्वांनी पुन्हा तोंड उघडले नाही. आनंदावर विरजण कशाला घालायचे, असे त्यांना वाटले. यापुढे फेरी ज्याच्या त्याच्या मर्जीवर, अशी दवंडी फिरली.

मर्जीवर सोडलेल्या कामाचे जे होते तेच झाले. चौकात मात्र संध्याकाळी मतांना ऊत येई. तेली म्हणे, "आपण कर भरतो ना? मग बांध राजानं बघावा." सराफाचे म्हणणे, एवढे यंत्र आल्यावरही चिखल तुडवत फिरायचे म्हणजे अडाणीपणाची कमाल झाली. पुरोहिताला यंत्राचा मनापासून तिटकारा होता. या असल्या कळांनी माणूस आळशी होतो, असे तो रोज सर्वांना बजावत असे, आणि बजावून झाले की घरी जाऊन झोपत असे. तिघांची तोंडे तीन दिशांना होती, पण बांधाकडे पाय एकाचेही वळत नव्हते. मला या तिघांचा राग येत नाही, कारण अशी माणसे मला रोज भेटतात आणि त्यांच्यात बसून मीही बोलतो.

एके दिवशी रंगारआळीतली रेवा नावाची विधवा बोधिसत्त्वांच्या दारी आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. ती म्हणाली, "धनी, माझी लेक आणि तिची दोन लेकरं बांधाखालीच राहतात. आम्ही आळीतली माणसं जमेल तेवढं बघतो, पण बांध लांब आहे आणि पोटाचं कामही आहे. वरच्या आळीचं माणूस आता फिरकत नाही. आम्हाला घोर लागलाय."

"बाई, मी जात जाईन," बोधिसत्त्व म्हणाले.

आणि ते जाऊ लागले. अमात्य अनवाणी बांधावर फिरतात याचे लोकांना कौतुक वाटले. कौतुक करणारे कौतुक करून घरी गेले. पुढे ऐन पावसाळ्यात राजाने बोधिसत्त्वांना तहासाठी सीमेवर पाठवले. निघण्याची घाई होती. आपल्यामागे बांध कोण चालेल, हे ठरवायचे त्यांच्याकडून राहून गेले.

ते परतले तेव्हा रंगारआळी उरली नव्हती. जिथे घरे होती तिथे चिखल होता, आणि चिखलात निळीचे व मंजिष्ठेच्या लाल रंगाचे ओघळ होते. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपत झिरपत मोठे झाले होते आणि भर दुपारी, माणसे रंगाच्या हौदांवर वाकलेली असताना, बांध बसला होता. घंटा वाजली नव्हती. ती वाजणार तरी कशी? पाणी खुणेपर्यंत चढलेच नव्हते, ते तर खालून निघून चालले होते. बाकीची माणसे कशीबशी पळून वाचली, पण रेवाची लेक गेली होती, आणि दोन्ही लेकरेही.

आता नगराला गुन्हेगार हवा होता. अनुरथाला दोरखंडाने बांधून सभेत आणले होते. त्याच्या गळ्यात तीच घंटा बांधून त्याला तळ्यात बुडवावे, अशी मागणी होती, आणि तेली, सराफ व पुरोहित यांचे प्रथमच एकमत झाले होते. अनुरथ मान खाली घालून उभा होता.

राजाने बोधिसत्त्वांना जवळ बोलावले आणि हळूच म्हणाला, "अमात्य, निवाडा तुम्ही द्या. एका माणसावर निभावतंय, तर निभावू द्या. लोक शांत होतील, आणि तुमचं माझं नाव कुणी काढणार नाही."

बोधिसत्त्वांनी आधी रेवाला विचारले, "बाई, तुझं काय म्हणणं आहे?"

रेवा म्हणाली, "मला कुणाचं मरण नको. मरण बघून झालं माझं. रोज माझ्या दारावरून धुमस खांद्यावर टाकून माणसं जायची. ती कुठं गेली, तेवढं सांगा."

बोधिसत्त्व उभे राहिले. "महाराज, या माणसानं घंटेला काय कळतं आणि काय कळत नाही ते याच सभेत सांगितलं होतं. आपण ते ऐकून हसलो. याला बुडवायचं असेल तर ज्यांनी ज्यांनी बांधफेरी सोडली त्या सगळ्यांना बुडवावं लागेल. मला सगळं माहीत होतं, तरी मी एकदा बोलून गप्प बसलो. या बाईला शब्द दिला आणि तो वाऱ्यावर सोडून गेलो. म्हणून पहिलं नाव माझं घ्या. त्यानंतर राजवाड्याचं."

राजाचा चेहरा उतरला. यादी तिथवर जाणार म्हटल्यावर त्याने अनुरथाला सोडून दिले आणि बोधिसत्त्वांचे अमात्यपद काढून घेतले. लोकांनी बोधिसत्त्वांनाच शिव्या घातल्या. खापर फोडायला मिळालेले डोके त्यांनी हिरावून नेले, याची चीड कुणाला आवरेना. बांध पुन्हा बांधला गेला. बोधिसत्त्व त्याच्या पायथ्याशी झोपडी घालून राहिले आणि रोज दुपारी अनवाणी बांध चालू लागले. अनुरथ त्यांच्याबरोबर जाई, आणि रेवाही जाई, जरी तिचे आता बांधाखाली कुणी उरले नव्हते. नगरात आणखी मोठी घंटा बसवावी की नाही, यावर चर्चा चालू राहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, ती एका दुःखाच्या सकाळी. तापाने पडलेले एक वृद्ध भिक्षू पाण्यावाचून गेले होते. त्यांचे मडके भरायला एक भिक्षू सेवक म्हणून नेमला होता, म्हणून दुसरे कुणी त्यांच्या कोठडीत डोकावलेच नव्हते, आणि तो सेवक स्वतःच दूर भिक्षेला गेलेला होता. सारे भिक्षू मिळून त्याला बोल लावत होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तो अनुरथ म्हणजे आजचा हा सेवक. तो अमात्य मी होतो. आणि रेवा म्हणजे जे गेले ते वृद्ध भिक्षू."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि नगरातली ती बाकीची माणसं?"

शास्त्यांनी समोर बसलेल्या साऱ्या भिक्षूंवरून एकेक करून नजर फिरवली. मग ते म्हणाले, "आपल्या वाट्याचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात न बांधणं, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता. ती त्या जन्मी मला फार उशिरा साधली. तीन जीव गेल्यावर."