लहानूने मानलेले उपकार

नदीकाठच्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा तरुण राहत होता. गाव वाढून शहर झालं. लहानू होता तसाच राहिला.

त्याला चंद्राआत्याने वाढवलं होतं. त्याचं लग्न व्हावं, एवढीच तिची इच्छा. पण बिनकामाच्या माणसाला मुलगी कोण देणार? तिने खटपट करून त्याला मैलापाण्याच्या केंद्रावर कामाला लावलं. शहरातल्या मोऱ्या-संडासांचं पाणी तिथे येई, स्वच्छ होई आणि मग नदीत जाई. पुढच्या गावांची माणसं तीच नदी वापरत.

केंद्राचे पागनीस साहेब म्हणाले, "लहानू, पाण्याच्या तोंडाशी जाळी आहे. जाळीत जे अडकेल ते उचलायचं आणि कचरागाडीत टाकायचं. विचारत बसायचं नाही."

लहानूने चिंध्या काढल्या, पिशव्या काढल्या. दुपारी कुंपणाच्या जाळीत साहेबांचा सदरा अडकला. लहानूने साहेबांना उचललं आणि कचरागाडीत टाकलं.

"अरे, मी काय कचरा आहे?"

"विचारत बसायचं नव्हतं, साहेब."

साहेब सदरा झटकत म्हणाले, "जाळी राहू दे. या टाकीपाशी बस. इथलं पाणी हलू द्यायचं नाही. हललं नाही की गाळ खाली बसतो."

लहानू बसला. शेजारच्या टाकीत पाणी नुसतं खदखदत होतं. त्याने बटण दाबून यंत्र बंद केलं. पाणी शांत झालं. लहानूलाही बरं वाटलं.

साहेब धावत आले. "कुणी बंद केलं?"

"मीच. फार हलत होतं."

"बाबा रे, या टाकीत हवा सोडावी लागते. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आहेत. घराघरांतून येणारी घाण ते बिचारे तक्रार न करता खातात, म्हणून पाणी स्वच्छ होतं. हवा नसली तर गुदमरतील. त्यांचे उपकार मानावेत माणसाने."

लहानूला फार वाईट वाटलं.

रविवारी आत्या त्याला घेऊन घोडक्यांकडे मुलगी बघायला गेली. सोबत घरचे लाडू होते. वाटेत तिने बजावलं, "तिथे गप्प बस. निघताना तेवढे उपकार मान आणि दोन गोड शब्द बोल."

लहानू गप्प बसला. मुलीचे वडील उमाजीराव खूश झाले. "मुलगा शांत आहे हो. आम्हाला पसंत आहे," असं म्हणून त्यांनी लाडू तोंडात टाकला. घरच्यांनीही टाकले.

आत्याने लहानूला कोपराने ढोसलं. तो हात जोडून उभा राहिला.

"आमच्या घरून आलेली घाण तुम्ही सगळे तक्रार न करता खाताय. तुमच्यासारखे जिवाणू आहेत, म्हणून गाव स्वच्छ आहे."

उमाजीरावांना जोराचा ठसका लागला. डोळे पांढरे झाले.

लहानू धावत जाऊन खिडक्या उघडू लागला. "आत्या, बघत काय बसलीस? यांना हवा घाल. हे गुदमरले तर उरलेले लाडू कोण संपवणार?"